चळवळीचा कार्यक्रम 'जलसा' कसा झाला?

प्रश्न असा आला आहे: "'सत्यशोधक जलसा', 'आंबेडकरी जलसा' हे शब्द वाचनात येतात. जलसा म्हणजे तर गाणंबजावणं, चैन, मौज. अन्यायाविरुद्ध उभ्या राहिलेल्या लोकांनी हाच शब्द का घेतला? सरळ तमाशा का म्हटलं नाही? आणि 'जलसात' लिहायचं की 'जलशात'?"

शेवटचं आधी उरकतो. जलशात. 'सा'ने संपणाऱ्या पुल्लिंगी शब्दांचं सामान्यरूप होताना सा-चा शा होतो: ससा-सशाला, घसा-घशात, पैसा-पैशाने. तसंच जलसा-जलशात, आणि अनेकवचनी जलसे-जलशांत. 'जलश्यात' हे जोडाक्षर पुष्कळदा छापलेलं दिसतं, पण त्याची गरज नाही.

आता मुख्य प्रश्न. जलसा शब्द मूळचा अरबी, 'बसणे' या अर्थाच्या धातूवरून आलेला. माणसं एकत्र बसली की जलसा. मजलिस त्याच धातूची, जुन्या कोर्टकचेरीच्या भाषेतला इजलासही त्याच घरातला. जुलूस हाही सख्खा भाऊ. जुलूस म्हणजे मुळात तख्तावर बसणं; मोगली नाण्यांवर 'जुलूस' अमुक साल असं असतं, ते राज्यारोहणापासून मोजलेलं वर्ष. पुढे हा बसणारा शब्द उठून रस्त्यावर चालू लागला आणि त्याचा अर्थ मिरवणूक झाला. तमाशाचा प्रवास नेमका उलटा. त्याच्या मुळाशी अरबीतला 'चालणे' हा धातू आहे. फारसीत फिरत फिरत मौज पाहणं, मग पाहण्यासारखी गोष्ट, आणि मराठीत येईतो बसून पाहण्याचा खेळ. म्हणजे व्युत्पत्तीवर विसंबायचं तर मोर्चात बसावं लागेल आणि तमाशात चालावं लागेल! शब्दाचं मूळ कळल्याने गंमत वाटते. तो कुणी का निवडला हे मात्र त्यातून क्वचितच कळतं.

उर्दू-हिंदीत जलसा म्हणजे आजही प्रामुख्याने सभा, संमेलन. राजकीय पक्षाचा जलसा असतो, शाळेचा वार्षिक जलसा असतो, आणि तिथे गाणं असायलाच हवं असं नाही. मराठीने मात्र यातलं गाणं उचललं. 'गाण्याचा जलसा' हा मराठीतला रुळलेला प्रयोग. तिकीट लावून होणाऱ्या गवयांच्या बैठकींनाही जलसाच म्हणत. तिथून 'काय जलसा चाललाय!' या थट्टेच्या अर्थापर्यंत शब्द घसरला. प्रश्नकर्त्याच्या कानात आहे तो हा शेवटचा अर्थ. सत्यशोधकांच्या काळी 'जलसा' म्हटल्यावर लोकांना चार प्रतिष्ठित मंडळींनी बसून ऐकण्याचं गाणं आठवत असणार, आणि माझ्या मते निवडीचं मर्म इथेच आहे.

कारण सादर होत होतं ते जवळजवळ तमाशाच्या सांगाड्यावर. सत्यशोधक समाज जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ला पुण्यात स्थापन केला. जलसे बहरले ते त्यांच्या मागे, विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत. लिहिता-वाचता न येणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत पत्रक पोचत नाही, ढोलकी पोचते. तेव्हा गण (सुरुवातीचं नमन), बतावणी (विनोदी संवाद), वग (कथानाट्य) हे गावाच्या ओळखीचं रूप घेतलं आणि आत सावकारी, भटभिक्षुकी, मुलांचं शिक्षण, पुरोहिताविना लग्न हे विषय भरले. गणातसुद्धा खुबी होती. गणपती म्हणजे गणांचा, लोकांचा पती, अशी फोड करून नमनाची दिशाच फिरवली जाई. शब्दचर्चा करणाऱ्यांनी टोपी काढावी अशी ही जागा आहे: देवाचं नाव तेच ठेवून समास वेगळा सोडवला की अख्खं नमन लोकांच्या पदरात!

पण रूप तमाशाचं असलं तरी नाव तमाशाचं नको होतं. तमाशा म्हटलं की शृंगारिक लावणी, नाचणारी बाई, दौलतजादा (प्रेक्षकांनी नाचणारीवर उधळलेले पैसे), आणि त्यामागची जात हे सगळं सोबत येई. आंबेडकरी जलशांच्या बाबतीत हा मुद्दा आणखी धारदार होतो, कारण तमाशातल्या कलावंतांत मोठा वाटा ज्या जातींचा होता, त्याच आता माणूसपण मागत होत्या. पठ्ठे बापूराव हे जन्माने ब्राह्मण, नामांकित तमासगीर. त्यांच्या फडात पवळा ही अस्पृश्य मानलेल्या जातीतली गाजलेली नर्तिका होती. त्यांनी तमाशाच्या खेळांचं उत्पन्न महाडच्या सत्याग्रहासाठी देऊ केलं आणि बाबासाहेबांनी ते नाकारलं, अशी हकीकत सांगितली जाते. आपल्याच बायकांना नाचवून मिळालेला पैसा आपल्याच मुक्तीला नको, हा त्यामागचा विचार. ही हकीकत डोक्यात ठेवली की 'आंबेडकरी तमाशा' असा शब्द का होऊ शकला नसता ते वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७मध्ये झाला, नाशिकच्या काळाराम मंदिराचा मार्च १९३०मध्ये सुरू झाला, आणि हीच आंबेडकरी जलसे उभे राहण्याची वर्षं आहेत. नाशिककडचे भीमराव कर्डक हे त्यातलं ठळक नाव. (पुढच्या पिढीचे लोककवी वामनदादा कर्डक वेगळे, आडनावामुळे घोळ होतो.) सभेला बंदी असेल, वक्ता पोचणार नसेल, तिथे जलसा जाई. कालचा सत्याग्रह, परवाचा करार गावाला कळे तो बहुधा अशाच एखाद्या पदातून. आणि इथे शब्दाची मजा होते. मराठीने जलशातली सभा टाकून फक्त गाणं ठेवलं होतं. चळवळीने ती सभा परत आत आणली. अरबी कोश बघून कुणी हे केलं असेल असं मला अजिबात वाटत नाही. काम तसं होतं म्हणून अर्थ भरत गेला.

इतरांनी इतर शब्द घेतले. ब्राह्मणेतर चळवळीने पुण्यात गणेशोत्सवातल्या मेळ्यांना, म्हणजे गाणी म्हणत फिरणाऱ्या पथकांना, उत्तर म्हणून छत्रपती मेळा काढला, म्हणजे प्रतिपक्षाचाच शब्द उचलला. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, द. ना. गव्हाणकर यांच्या १९४४च्या लाल बावट्याचं, म्हणजे कम्युनिस्ट शाहिरांचं, 'कलापथक' होतं, आणि पथक हा तर फौजेतला शब्द. जिथे बैठक मोडून गिरणीच्या दारात उभं राहायचं होतं तिथे बसण्याचा शब्द चालला नसता, असं म्हणायचा मोह होतो. पण मघाशी व्युत्पत्तीबद्दल जे बोललो ते मग मलाच लागू करावं लागेल, म्हणून आवरतो.

आज लिहिताना एक भेद पाळावा. भीमगीतांचा प्रत्येक कार्यक्रम जलसा नव्हे. एकामागून एक गाणी म्हणणारी ती गायन पार्टी; दोन गायकांनी सवाल-जबाबाने एकमेकांना भिडायचं तो दुरंगी सामना. जलसा म्हणायला पदांच्या जोडीला संवाद हवा, सोंग हवं, एखादं कथानक हवं. 'शाहिरी जलसा' ही मात्र द्विरुक्ती नाही. शाहीर म्हटल्याने गाणाऱ्याची जातकुळी कळते, जलसा म्हटल्याने कार्यक्रमाची. कार्यक्रमपत्रिकेवर दोन्ही शब्द बिनधास्त छापा.