लाल कंदील निळा का दिसला?

प्रश्न : ताई, मी रस्ट भाषेत डब्ल्यूजीपीयू (ग्राफिक्सची लायब्ररी) वापरून छोटा गेम लिहितोय. शेडर (ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम) रस्टच्याच फाइलीत स्ट्रिंग म्हणून ठेवलेत. परवा एक अर्धविराम राहून गेला. कार्गो बिल्डने (रस्टचा प्रोग्राम तयार करणारी आज्ञा) हूं की चूं केलं नाही. गेम सुरू केला आणि आपटला. ही चूक बिल्डमध्येच पकडता येईल का? – एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : येईल. रस्टच्या लेखी ती स्ट्रिंग म्हणजे नुसता मजकूर. आत शेडर आहे की पुरणपोळीची कृती, याचं त्याला सोयरसुतक नाही. शेडर वेगळ्या फाइलीत ठेवून इन्क्लूड मॅक्रोने आणलात तरी तो मजकूर फक्त आणून चिकटवतो. तपासतो तो नागा (डब्ल्यूजीपीयूचा शेडर तपासनीस), आणि तेही प्रोग्राम चालू झाल्यावर. त्याच नागाला बिल्ड स्क्रिप्टमधून (बिल्डच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम) बोलवा. नुसतं पार्स करून (व्याकरण तपासून) थांबू नका, अर्थ तपासणारा व्हॅलिडेटरही चालवा. तासाभराचं काम आहे.

पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. मी झाले होते. दिवाळीचा देखावा करत होते: तीन आकाशकंदील, प्रत्येकाची जागा आणि रंग, दोन्ही वेक-थ्री (तीन आकड्यांचा संच), सगळे एका स्टोरेज बफरमध्ये (शेडर वाचतो ती मेमरी). बिल्ड स्वच्छ. पडद्यावर मात्र कंदील दोनच, आणि पहिला, जो लाल हवा, तो निळाशार! रात्रभर रंगांचं गणित तपासत बसले. गणित बरोबरच होतं.

डब्ल्यूजीएसएलमध्ये, म्हणजे शेडरच्या भाषेत, वेक-थ्री असतो १२ बाइटांचा, पण बसतो १६ च्या पटीतल्या जागेवरच. म्हणजे शेडरच्या हिशेबात एक कंदील ३२ बाइट. माझ्या रस्टच्या स्ट्रक्टमध्ये २४. रंग मी १२ व्या बाइटपासून लिहिला, शेडरने १६ व्यापासून वाचला. लालच्या जागी हिरवा, हिरव्याच्या जागी निळा, आणि निळ्याच्या जागी चक्क शेजारच्या कंदिलाच्या जागेचा एक्स! एकूण ७२ बाइटांत ३२ चे दोनच तुकडे बसतात, म्हणून तिसरा गायब. दोन्हीकडचा कोड आपापल्या जागी बिनचूक, मग नागा तरी कशाला ओरडेल?

आता मी जागेनंतर आणि रंगानंतर चार-चार बाइटांचं पॅडिंग (रिकामी भर) घालते, आणि खाली कॉन्स्टमध्ये असर्ट (बिल्डच्या वेळीच होणारी तपासणी) लिहिते: आकार ३२, रंगाचं ऑफसेट (सुरुवातीपासूनचं अंतर) १६. (ऑफसेटसाठी रस्ट १.७७ किंवा पुढचं हवं.) नुसता आकार तपासून भागत नाही, आठही बाइट शेवटी घातले तरी आकार ३२ च भरतो, आणि पॅडिंगमध्ये शून्य असेल तर लाल कंदील चक्क काळा.