कोल्हापूरचं नाव हल्ली खाणं, संस्कृती आणि उद्योग यांसाठी गाजतंय. पुण्यातली नोकरी सोडून तिथं कॅफे काढावा का?

तुम्ही तीन गोष्टींची नावं घेतलीत आणि काढायचाय मात्र कॅफे. शिवाय प्रश्नाखाली लिहिलंय की शिक्षण मेकॅनिकलचं आणि नोकरी सॉफ्टवेअरची. हे वाचून राहवलं नाही, कारण माझा मोठा भाऊही मेकॅनिकलच, तोही पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, आणि त्याचंही मत तुमच्यासारखंच आहे.

आमची कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्नची, म्हणजे ओतकामाच्या नमुन्यांची, शेड आहे. आबांनी सुरू केली, आता मी चालवतो. मागच्या दिवाळीनंतर दादा ऑफिसातल्या मित्रांना घेऊन आला होता. अंबाबाईचं दर्शन झालं, रंकाळा झाला, रात्री तांबडा-पांढरा, सकाळी मिसळ, गंगावेशीत समोर काढलेलं म्हशीचं दूध. मंडळी खूश. निघताना दादानं त्यांना शेड दाखवायला आणलं आणि कारागिरांच्या देखत मला म्हणाला, "हे पत्रे किती दिवस सांभाळणार? इथं चुलीवरच्या मटणाचं हॉटेल टाक. जागा मोक्याची आहे, पार्किंगपण निघतंय. कोल्हापूर आता ब्रँड झालाय." मित्रांनी माना डोलावल्या. आबांच्या हाताखाली तयार झालेले आमचे मिस्त्री तिथंच रंधा मारत होते. ते गप्प बसले. मी नाही बसलो. तेव्हापासून घरात हा विषय निघाला की वहिनी आधी पोरांना बाहेर पाठवतात.

त्या पाहुण्यांतल्या एकानंही विचारलं नाही की इथं बनतं काय. तुम्हाला सांगतो. इंजिनाचा ब्लॉक असो, पंपाची बॉडी असो नाहीतर ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचं हाउसिंग, आधी त्याचा लाकडाचा किंवा ॲल्युमिनियमचा पॅटर्न लागतो. तो वाळूत दाबून काढला की जी पोकळी राहते तिच्यात धातूचा रस ओततात. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना साधारण 1 टक्का आकसतं, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी, साध्या पट्टीपेक्षा तेवढी मोठी आखलेली. पॅटर्न उचलताना वाळू मोडू नये म्हणून उभ्या बाजूंना बारीक उतार द्यायचा, कोअर, म्हणजे आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा, कुठं टेकणार तिथं जागा सोडायची, मशिनिंगला माल ठेवायचा. आबा ड्रॉइंगशिवाय, नुसता तुटका पार्ट हातात फिरवून पॅटर्न उभा करायचे. आज आम्ही सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या मशीनवर, करतो, पण वाळू कुठं अडणार हे अजून मिस्त्रीच सांगतात. त्या पॅटर्नवर शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्र्या चालतात आणि तिथलं कास्टिंग देशभरातल्या गाड्यांत बसतं. माझ्या लेखी कोल्हापूर म्हणजे हे आहे. रस्सा नंतर.

आणि हे काल-परवा झालेलं नाही. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली, तिथं गुळाचा व्यापार वाढला. राधानगरी धरणाचं काम त्यांच्याच काळात सुरू झालं. ऊस वाढला तसे गुऱ्हाळांचे चरक दुरुस्त करायला मिस्त्री लागले, नदीचं पाणी उपसायला ऑइल इंजिनं लागली, ती इथंच बनायला लागली आणि त्यातून उद्यमनगर उभं राहिलं. एका गल्लीत टर्निंग, पुढच्या गल्लीत ग्राइंडिंग, पलीकडे हीट ट्रीटमेंट. यातल्या बहुतेकांच्या भिंतीवर कुठली पदवी टांगलेली नव्हती. आता कोणी ॲप काढलं की उद्योजक म्हणतात आणि या माणसांना मात्र अजून 'वर्कशॉपवाले'. हे मला पटत नाही.

संस्कृतीही याच हातांतून आली. बाबूराव पेंटरांनी आपला सिनेमाचा कॅमेरा इथं कोल्हापुरात बनवला. त्यांच्याबरोबर ते काम सुरू करणारे आनंदराव 1916 मध्ये गेले, तरी बाबूरावांनी तो पुरा केला आणि त्याच्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनी चालवली. प्रभात फिल्म कंपनी 1929 मध्ये इथंच निघाली आणि 1933 मध्ये पुण्याला गेली. तेव्हा पुण्याला जाणं इथं जुनंच आहे, त्याचा मला राग नाही. राग येतो तो तिकडून येऊन इथं काय राहावं आणि काय पाडावं हे ठरवण्याचा. 8 ऑगस्ट 2024 ला रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, 1915 ची वास्तू. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. जळाल्यावर सगळ्यांना कळलं आपलं काय गेलं. उद्यमनगरच्या शेडी एकेक करून हॉटेलं आणि शोरूम होतील तेव्हा तेवढा आवाजही होणार नाही.

चपलेचंही तेच. जून 2025 मध्ये प्राडानं मिलानमध्ये आपल्या चपलेच्या घाटाची चप्पल दाखवली, कोल्हापूरचं नाव न घेता. भौगोलिक मानांकन 2019 पासून आहे, लोक योग्यच चिडले. दादानंही स्टेटस ठेवलं. पण चप्पल बनवणाऱ्याचा मुलगा त्या धंद्यात का राहत नाही, यावर मी कुणाचं स्टेटस पाहिलेलं नाही.

आता तुमचं. कॅफे काढू नका. मिसळ, थाळी, कॅफे यांची इथं आधीच रेटारेटी आहे, पर्यटक शनिवार-रविवारचा, आणि कोल्हापूरकर चवीला पक्का आहे, बाहेरच्याला सहज जवळ करत नाही. तुम्ही मेकॅनिकलचे आहात. कास्टिंग सिम्युलेशन, थ्रीडी स्कॅनिंग, पॅटर्नचं डिझाइन, ही कामं जाणणारी माणसं आम्हाला हवी आहेत आणि मिळत नाहीत, कारण ती तुमच्या शेजारच्या टेबलावर बसून कोड लिहितायत. दादालाही मी हेच म्हणतो. प्रॉपर्टी कार्डावर दोघांचं नाव आहे, माझ्या सहीशिवाय शेड विकली जाणार नाही आणि मी सही करणार नाही. त्याला यायचं असेल तर कॉम्प्युटर घेऊन यावं, अर्धा धंदा आजपासून त्याचा.

हे सगळं सोपं आहे असं मात्र समजू नका. वीज महाग आहे आणि धातू वितळवायची इंडक्शन भट्टी विजेवरच चालते. लहान उद्योगाचं बिल 45 दिवसांत चुकवायचा कायदा आहे, तरी मोठी गिऱ्हाइकं तीन-तीन महिने थांबवतात. पोरांना वाळूत हात घालायचा नाही. आणि एवढं सांगूनही कॅफेच काढायचा ठरला, तर जागा जुलै-ऑगस्टच्या पावसात येऊन बघा. 2019 आणि 2021 ला पुराचं पाणी कुठवर चढलं होतं ते शेजारच्या दुकानदाराला विचारा, एजंटाला नको. तो भिंतीवरची खूण दाखवेल.