घोडे सांभाळायला पैसा कुठून आणायचा?
अरे, हाल होत असलेला घोडा सोडवून आणला की लोक भावुक होऊन एकदाच पैसे देतात, पण तो रोज खातो ना! ४०० किलोच्या घोड्याला दिवसाला ६ ते ८ किलो सुका चारा लागतो, वर दर ६-८ आठवड्यांनी खुरं कापायची, दात, जंताचं औषध, आणि हे सगळं पंचवीसेक वर्षं चालू शकतं. म्हणून एका मोठ्या देणगीदाराच्या मागे धावू नकोस, दरमहा थोडे थोडे देणारे जमव. या घोड्यांच्या सोबतीने मुलांना थेरपी (उपचार) द्यायची असेल तर तिचा हिशोब मात्र वेगळाच ठेव, ट्रेनर, हेल्मेट, इन्शुरन्स, मुलांना ने-आण करायची गाडी (हीच नेमकी सगळे विसरतात). आणि कान मागे पाडणारा, दचकणारा घोडा फोटोसाठी म्हणून मुलांजवळ उभा करायचा नाही, फंडवाले कितीही मागे लागू देत.