लॅन केबल लावूनही डेस्कटॉपचं नेट सारखं तुटतंय, विंडोज पुन्हा टाकू का?

इतक्यात टाकू नका. तुम्ही लिहिलंय की राउटरला केबलने जोडलेल्या डेस्कटॉपचं नेट दिवसातून अनेकदा जातं, पण त्याच राउटरच्या वायफायवर मोबाइल व्यवस्थित चालतो. कधी ‘नेटवर्क केबल अनप्लग्ड’ दिसतं, कधी ‘अनआयडेंटिफाइड नेटवर्क’. ड्रायव्हर पुन्हा टाकूनही फरक पडला नाही. यातून एक गोष्ट लगेच कळते: बाहेरून येणारी लाइन ठीक आहे. म्हणजे राउटरचं लॅन पोर्ट, केबल, कॉम्प्युटरचं लॅन पोर्ट आणि विंडोजची सेटिंग्ज, एवढ्यातच शोधायचंय.

नेट जातं तेव्हा लिंकच (कॉम्प्युटर आणि राउटरमधली जोडणी) तुटते, की लिंक शाबूत असूनही पुढे काही जात नाही, हे आधी ठरवा. बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि मग ड्रायव्हर, रीसेट, फॉरमॅट असं काहीही करत बसतात. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, इंग्रजीत ‘एनसीपीए.सीपीएल’ (ncpa.cpl) टाइप करून एंटर मारा आणि इथरनेटवर डबल क्लिक करा. तिथे ‘ड्युरेशन’ आणि ‘स्पीड’ अशा दोन ओळी दिसतील. ड्युरेशन म्हणजे लिंक लागल्यापासूनचा वेळ. नेट जाऊन परत आल्यावर हे घड्याळ शून्यापासून सुरू झालेलं दिसलं, तर लिंक खरोखर तुटली होती, म्हणजे केबल, पोर्ट किंवा लॅन चिपकडे बघायचं. घड्याळ न थांबता पुढे चालत राहिलं असेल तर केबलला सध्या हात लावू नका.

तुम्हाला ‘अनप्लग्ड’ दिसतं, त्यामुळे माझा पहिला संशय केबलवरच आहे. स्पीडच्या ओळीत काय आहे ते बघा. राउटर आणि कॉम्प्युटर दोन्ही गिगाबिटचे असतील तर तिथे १.० जीबीपीएस हवं. १०० एमबीपीएस दिसत असेल तर केबलमधली एखादी तार गेली असण्याची शक्यता मोठी. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच पुरतात, १ व २ आणि ३ व ६ या पिनांवरच्या. गिगाबिटला चारही लागतात. गंमत म्हणजे किती वेगाने बोलायचं हे दोन्ही टोकं याच पहिल्या दोन जोड्यांवरून ठरवतात. त्या चांगल्या असल्या की दोघांचं गिगाबिटवर एकमत होतं, मग उरलेल्यांपैकी एखादी तार तुटकी निघते, लिंक पडते, पुन्हा वाटाघाटी, पुन्हा तेच. पोर्टचा दिवा लागतो, विझतो, लागतो. काही चिप थोड्या वेळाने हार मानून १०० वर उतरतात, काही तशाच झटत राहतात. टेबलाच्या पायाखाली दबलेली केबल असंच वागते: पाय हलला की तार टेकते, पुन्हा हलला की सुटते.

तपासायचं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन कार्डच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ आहे. तिथे १०० एमबीपीएस फुल डुप्लेक्स निवडून काही तास काम करा. तुटणं थांबलं तर केबलच बदला. ही सेटिंग कायमची ठेवू नका, परत ‘ऑटो निगोशिएशन’ करा. नाहीतर समोरचं टोक हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकाच दिशेने डेटा) जाऊन नेट रखडू शकतं.

केबल बदलताना एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी चांगली चालत असलेली दुसरी केबल, राउटरचं पोर्ट तेच. मग जुनीच केबल, पण राउटरचं दुसरं पोर्ट. दोन्ही एकदम बदललंत तर नेट सुरू होईल, पण दोषी कोण होतं ते कळणार नाही. प्लगची प्लास्टिकची पट्टी तुटली आहे का तेही बघा. पट्टी नसली की प्लग हळूहळू मागे सरकतो, आणि बघणाऱ्याला मात्र तो पोर्टमध्येच दिसतो.

आता ‘अनआयडेंटिफाइड नेटवर्क’. हे दिसत असताना कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) चालवा. कॉम्प्युटरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही, विंडोजने स्वतःच एक घेतलाय. लिंक सारखी पडत असेल तर पत्ता मागायची विनंती अर्ध्यात राहते, त्यामुळे तुमची दोन्ही लक्षणं एकाच केबलची असू शकतात. पत्ता नीट असेल तर त्याच यादीतल्या ‘डिफॉल्ट गेटवे’ला, म्हणजे राउटरच्या पत्त्याला, पिंग करा (ping लिहून पुढे तो पत्ता टाका, उत्तर येतं का ते कळतं), मग ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला. दोन्हींकडून उत्तर येतं आणि तरी वेबसाइट उघडत नाही, असं असेल तर गडबड डीएनएसची, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेची.

केबल आणि राउटरचं पोर्ट निर्दोष निघाले, तर लॅन कार्डच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबमध्ये वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करण्याची परवानगी असते, ती खूण काढा. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मधलं ‘एनर्जी एफिशियंट इथरनेट’ही बंद करून बघा. नंतर कॉम्प्युटर शटडाउन करा, पॉवर केबल काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा आणि मग सुरू करा. पीसी बंद असतानाही लॅन चिपला थोडी वीज मिळत राहते, म्हणून नुसत्या रीस्टार्टने अडकलेली चिप कधीकधी सुटत नाही.

आणि विंडोज उडवण्याआधी एवढं कराच: पेनड्राइव्हवर उबंटू (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) घेऊन, ते इन्स्टॉल न करता ‘ट्राय’ पर्यायाने चालवा आणि तासभर नेट वापरा. तिथेही तुटलं तर विंडोजचा काही दोष नाही. केबल आधीच तपासलेली असेल तर मदरबोर्डवरचं पोर्ट गेलंय असं धरा. त्यासाठी मदरबोर्ड बदलायची गरज नाही, यूएसबीचा लॅन अ‍ॅडॉप्टर किंवा वेगळं लॅन कार्ड लावलं की काम चालतं. उबंटूवर नेट अखंड चाललं, तर मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचाच ड्रायव्हर घ्या आणि सेटिंग्जमधला ‘नेटवर्क रीसेट’ करा. त्यानेही भागलं नाही, तरच विंडोज पुन्हा टाकायचा विचार करा.

स्पीडच्या ओळीत काय दिसतं आणि ड्युरेशन शून्यावर येतं का, एवढं कळवा. त्यावरून पुढचं नेमकं सांगता येईल.