हायस्कूलच्या फॉरेन्सिक सायन्सच्या तासाला मुलांकडून प्रत्यक्ष काय काय करून घेता येईल?

तुम्ही विचारलंय की नववी-दहावीच्या मुलांसाठी शनिवारी फॉरेन्सिकचा तास सुरू करायचाय, लॅब साधीच आहे, खर्चाला पैसे नाहीत आणि नुसते व्हिडिओ दाखवून भागवायचं नाहीये. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते आणि हे सगळं मुलांकडून करून घेते, त्यामुळे वर्गात जे खरंच चालतं तेच सांगते. एक गोष्ट मात्र आधीच सांगते, प्रयोग कोणताही घ्या, शेवटी प्रत्येकाने कागदावर लिहिलंच पाहिजे की या पुराव्यावरून मला इतकं म्हणता येतं आणि याच्यापुढचं म्हणता येत नाही. हे लिहून घेतलं नाही तर मुलं चोर कोण एवढंच विचारत बसतात आणि विज्ञान बाजूला राहतं.

सुरुवात बोटांच्या ठशांनी करा. पेन्सिलीचं शिसं कागदावर गडद घासायचं, त्यावर बोट फिरवायचं, मग बोटावर सेलोटेप दाबून ती पांढऱ्या कागदावर चिकटवायची, ठसा छापल्यासारखा येतो. दहाही बोटांचे घ्या. शंख किती, चक्रं किती हे घरात आजीने मोजलेलं असतंच, तेच इथे वापरा, लूप म्हणजे शंख, गोल फिरणारं ते चक्र, आणि तिसरा प्रकार कमान. पुस्तकात शंख 60 ते 65 टक्के, चक्रं 30 ते 35 आणि कमानी साधारण 5 टक्के असं देतात, तुमच्या वर्गाचे आकडे काढून फळ्यावर त्याच्याशेजारी मांडा, फरक पडला तर का पडला यावर मुलंच बोलायला लागतात.

मग खरी मजा. जगातला पहिला फिंगरप्रिंट ब्युरो 1897 साली कलकत्त्यात सुरू झाला, आणि ठशांची वर्गवारी करायच्या ज्या पद्धतीला हेन्री पद्धत म्हणतात तिचं गणित अझीझुल हक यांनी बसवलं, हेमचंद्र बोस यांचंही त्यात मोठं काम आहे, नाव मात्र एडवर्ड हेन्री या साहेबाचं लागलं. हे मुलांना आवर्जून सांगा. पद्धत अशी: उजवा अंगठा एक नंबर, तिथून उजवी करंगळी पाच, डावा अंगठा सहा, डावी करंगळी दहा. पहिल्या दोन बोटांवर चक्र असेल तर प्रत्येकी 16, पुढच्या दोनांना 8, मग 4, मग 2, शेवटच्या दोनांना 1, आणि चक्र नसेल तर शून्य. सम नंबरच्या बोटांची बेरीज अधिक एक हा अंश, विषम बोटांची बेरीज अधिक एक हा छेद. समजा एखाद्या मुलीच्या फक्त उजव्या अंगठ्यावर आणि उजव्या मधल्या बोटावर चक्र आहे, तर अंश 1 आणि छेद 16 अधिक 8 अधिक 1, म्हणजे 25, तिचा गट 1/25. असे एकूण 1024 गट पडतात. कॉम्प्युटर नसताना हजारो कार्डांतून नेमका गठ्ठा कसा हाताला लागायचा हे मुलांना त्या क्षणी कळतं, बायनरीही आपोआप शिकवून होते. एकही चक्र नसलेली सगळी मुलं 1/1 मध्ये येतात, तिथे बरीच गर्दी होते, म्हणजे गट एक आला म्हणून माणूस एक ठरत नाही, हे वहीत लिहून घ्या.

वस्तूवरचा ठसा उचलायला काचेचा ग्लास आणि पेन्सिलीच्या शिशाची, म्हणजे ग्रॅफाइटची, बारीक पूड घ्या, ब्रश मेकअपचा, अगदी मऊ. बोट आधी कपाळावर नाहीतर नाकाच्या बाजूला फिरवायला सांगा म्हणजे तेलकटपणा येतो. मुलं हमखास पूड जास्त घेतात, मग रेषांमधल्या फटी भरतात आणि काळा डाग उरतो, म्हणून ब्रश झटकून जवळजवळ रिकामा करूनच फिरवायचा. काळ्या वस्तूवर टाल्कम पावडर चालते. सुपरग्लूच्या वाफेचा प्रयोग इंटरनेटवर सगळीकडे दिसतो, पण ती वाफ डोळ्याला आणि नाकाला झोंबते, फ्यूम हूड (वाफ बाहेर ओढून घेणारं लॅबचं कपाट) नसेल तर शाळेत नकोच.

रक्ताच्या थेंबांचा प्रयोग दहावीला घ्याच, कारण नववीच्या भूमितीत साइन येऊन गेलेलं असतं आणि त्याचं काय करायचं हे मुलांना कुठेच दिसत नाही. रक्त खोटं, साखरेचा पाक, थोडं कॉर्नफ्लोअर आणि खायचा लाल रंग. आधी सरळ कागदावर 10, 30, 50, 100 सेंटीमीटरवरून थेंब टाकून व्यास मोजा. मग पॅडला कागद लावून तो तिरका धरा, थेंब लांबट पडतो. त्याची रुंदी भागिले लांबी म्हणजे आदळण्याच्या कोनाचा साइन. रुंदी 8 मिलिमीटर, लांबी 16, म्हणजे अर्धा, म्हणजे 30 अंश, आणि कोनमापकाने पॅडचा उभ्या रेषेशी होणारा कोन तपासला की तेवढाच निघतो तेव्हा वर्गात जो आवाज होतो तो ऐकण्यासारखा असतो. मोजताना शेपटी धरायची नाही, फक्त लंबगोल, नाहीतर कोन चुकतो. शेपटी थेंब कुठल्या दिशेने चालला होता ते दाखवते. पुढच्या तासाला प्रत्येक डागाच्या लांबीच्या रेषेत दोरा ताणून ते कुठे एकत्र येतात बघा. मात्र खरं रक्त, सुई, रक्तगट वगैरे शाळेत अजिबात नको.

बाकीचे पटकन सांगते. शाईसाठी चेकवरचे 500 चे 5000 केलेत अशी केस द्या, वेगवेगळ्या कंपन्यांची काळी पेनं घ्या, फिल्टर पेपरच्या पट्टीवर शाईचा ठिपका देऊन त्याच्या खालचं टोक बुडवा म्हणजे शाईतले रंग वेगळे होत वर चढतात, फिल्टर पेपर नसेल तर पांढरा खडूसुद्धा चालतो. स्केच पेनला पाणी पुरतं, बॉलपेनला स्पिरिट लागतं, जेल पेन बहुतेक वेळा हलतच नाही आणि तेही एक निरीक्षणच आहे. पांढऱ्या पावडरी ओळखायला बीटाडीनचा थेंब (कॉर्नफ्लोअर निळं-काळं होतं), व्हिनेगर (खायचा सोडा फसफसतो) आणि हळदीचं पाणी (सोड्याने लालसर होतं), चव मात्र कुणी घ्यायची नाही. मातीसाठी शेतातली काळी, मैदानातली मुरमाड, कुणी कोकणात जाऊन आलं असेल तर जांभ्याची लाल, बाटलीत पाणी घालून हलवून ठेवा, वाळू लगेच बसते, चिकणमातीचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ असतं. बुटाचा ठसा प्लास्टर ऑफ पॅरिसने, दोन भाग प्लास्टरला एक भाग पाणी, चमच्यावरून हळू ओता, थेट ओतलं तर ठसा मोडतो. आणि अनवाणी पावलाची लांबी उंचीच्या साधारण 15 टक्के असते, 24 सेंटीमीटर पाऊल म्हणजे 160 च्या आसपास, पण सगळ्या वर्गाचं मोजून आलेख काढला की कुणी इकडे कुणी तिकडे दिसतं, म्हणून अहवालात उंचीचा एकच आकडा न लिहिता कुठून कुठपर्यंत असू शकते ते लिहायचं.

पंचनामा करून घ्यायला विसरू नका, हे मुलांना सगळ्यात कंटाळवाणं वाटेल असं वाटतं पण उलट होतं. दोन पंच नेमा, खोलीचा नकाशा, प्रत्येक वस्तूचं दोन पक्क्या जागांपासून अंतर, पाकिटात भरून चिकटवून वर तारीख, वेळ, सह्या, आणि पाकीट ज्याच्या हातात जाईल त्याची सही. एका पाकिटावरची एक सही तुम्हीच मुद्दाम गाळून ठेवा आणि शेवटच्या तासाला बचावाचा वकील झालेल्या मुलाला ते शोधू द्या. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसाने घटनास्थळी जाणं बंधनकारक धरलंय (राज्यांना ते लागू करायला पाच वर्षांपर्यंतची मुदत दिलीय), तेव्हा ही माणसं पुढे लागणार आहेत, मुलांना हेही सांगा.

आता माझ्या मते जो प्रयोग चुकवूच नये तो. दोन पुसट ठसे सगळ्यांना तेच द्या. अर्ध्या वर्गाच्या चिठ्ठीवर लिहा की संशयिताने कबुली दिलीय, उरलेल्यांच्या चिठ्ठीवर की तो त्या दिवशी परगावी होता. उत्तर तीनपैकी एक, जुळतात, जुळत नाहीत, सांगता येत नाही. मग दोन्ही बाजूंची मतं फळ्यावर मोजा. त्यानंतर माद्रिदच्या 2004 च्या रेल्वे बॉम्बस्फोटांची गोष्ट सांगा, तिथे सापडलेला ठसा अमेरिकेतल्या एका वकिलाचा आहे असं एफबीआयच्या तज्ज्ञांनी ठरवलं, त्याला अटकही झाली, आणि स्पेनच्या पोलिसांनी तो दुसऱ्याच माणसाचा असल्याचं दाखवलं. इतिएल ड्रोर या संशोधकाने पुढे पाच तज्ज्ञांना त्यांनीच पूर्वी जुळवलेले ठसे हे माद्रिदचे चुकलेले ठसे आहेत असं सांगून पुन्हा दिले, तर चौघांनी आपला निकाल बदलला, म्हणजे आधी कानावर पडलेल्या गोष्टीने तज्ज्ञाचाही निकाल फिरू शकतो.

यालाच धरून एक कळकळीची विनंती, खोट्या केसमध्ये शिपाईकाकांना किंवा वर्गातल्या एखाद्या मुलाला संशयित करू नका. मुलांचा संशय लगेच गरिबाकडे वळतो. इंग्रजांच्या 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी आपल्याकडे पारध्यांसारख्या अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या होत्या, त्याचं ओझं ती माणसं अजून वाहताहेत. संशयित म्हणून मुख्याध्यापक, गणिताचे सर, क्रीडाशिक्षक असे घ्या, ते हौसेने तयार होतात. ठसे घेण्याआधी पालकांची लेखी परवानगी घ्या, फोटो काढून ग्रुपवर टाकू देऊ नका, हल्ली आधार, रेशन सगळं बोटावर चालतं, आणि सत्र संपलं की सगळी कार्डं मुलांना परत द्या.