वय ४६, ऑफिस ८ किमी लांब, आता सायकलने जायला लागलं तर झेपेल का?

तुम्ही विचारलंय की शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावलेला नाही, ऑफिस ८ किमीवर आहे, रोज सायकलने जावंसं वाटतंय पण गुडघ्यांची भीती वाटते आणि लोक काय म्हणतील हेही डोक्यात आहे. झेपेल. मी ४५ व्या वर्षी सुरू केलं, आता ४९ संपत आलंय. नाशकात पंचवटीत राहते, सातपूर एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे, जाताना साधारण ९ किमी, येताना तेवढंच, आठवड्यातून चार दिवस नक्की, कधी पाच.

सगळ्यात आधी एक सांगते कारण माझा पहिला महिना यातच वाया गेला. व्यायाम म्हणून सायकल चालवू नका, कामावर जायचंय म्हणून चालवा. मी सुरुवातीला मोबाईलवर ॲप लावून रोज कालच्यापेक्षा दोन मिनिटं कमी करायच्या मागे लागले होते, कंपनीत पोचायचे तेव्हा ड्रेस घामाने चिंब, दुपारी तीनला डोळे मिटायला लागायचे, आणि एका शनिवारी ठरवलं की बास, हे आपलं काम नाही. पंधरा दिवस सायकल जिन्याखाली पडून होती. मग एकदा माहेरी गेले आणि वडिलांचं आठवलं, ते नाशिकरोडला प्रेसमध्ये होते, जेलरोडहून सायकलनेच जायचे, इस्त्रीचा शर्ट, कॅरिअरला डबा, आणि घरी येताना शर्टाची घडी तशीच्या तशी. त्यांना कधी घामाघूम झालेलं बघितलं नाही मी, कारण ते घाई करायचेच नाहीत, दहा मिनिटं आधी निघायचे. दुसऱ्या दिवशी ॲप काढून टाकलं. तेव्हापासून मला ९ किमीला ४० मिनिटं लागतात, सिग्नल धरून. स्कूटीने २५ लागायची. पंधरा मिनिटांचा फरक आहे फक्त आणि तो कायमचा मान्य करून टाकला की बाकीचं सगळं सोपं होतं.

आमच्या नाशकात सायकलचं वेड मोठं आहे. २०१५ मध्ये इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या दोन भावांनी अमेरिकेतली रॅम रेस पूर्ण केली, म्हणजे या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत जवळजवळ ४८०० किमी, आणि त्यानंतर तर गंगापूर रोडला पहाटे पाचलाच हेल्मेटवाले दिसायला लागले. मला त्या सगळ्यांचा मनापासून अभिमान आहे, त्यांच्यामुळे शहरात चांगली दुकानं आली, मेकॅनिक तयार झाले. पण त्यांचं बघून आपली सायकल घेऊ नका. बारीक टायर, वाकून बसायचं हँडल हे रोजच्या ट्रॅफिकला आणि खड्ड्यांना नको. जाड टायरची, पुढे-मागे शॉकॲब्जॉर्बर असलेली पण नको, ती जड असते आणि डांबरी रस्त्यावर उगाच दम काढते. मधली हायब्रिड म्हणतात ती घ्या, सरळ बसता येतं. मी १४ हजारांची घेतली आणि वर मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, कुलूप, दिवे, हेल्मेट यात चार हजार गेले. दुकानदार म्हणेल मडगार्डने लुक जातो, ऐकू नका, पावसाळ्यात पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन कामावर जायचं का?

आता गुडघे. माझेही दुखले, तिसऱ्या आठवड्यात, वाटीच्या समोरच्या बाजूला, जिना उतरताना कळ यायची. मला वाटलं झालं, वय झालं. पण कारण वय नव्हतंच, सीट होती. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत या भीतीने मी सीट खूप खाली करून घेतली होती, त्यामुळे प्रत्येक पॅडलला गुडघा जास्त दुमडायचा आणि सगळा भार वाटीवर यायचा. आमच्या इथल्या एका म्हाताऱ्या सायकलवाल्या काकांनी बघितलं आणि म्हणाले, ताई, भिंतीला धरून बसा, टाच पॅडलवर ठेवा, पॅडल अगदी खाली गेलं की पाय सरळ झाला पाहिजे. तेवढी सीट वर घेतली, सव्वादोन इंच वर गेली असेल. चालवताना आपण पायाचा पुढचा चवडा ठेवतो, तेव्हा गुडघ्यात थोडासाच बाक राहतो, तेवढाच पाहिजे. सिग्नलला थांबताना सीटवरून पुढे उतरून उभं राहायचं, आठवडाभरात सवय होते. दुसरी चूक गिअरची. जड गिअरवर जोर लावत चालवलं की व्यायाम होतो असं वाटायचं, पण त्याने गुडघ्याची वाट लागते. हलका गिअर ठेवा, पाय भराभर फिरू द्या, मिनिटाला ७० वगैरे फेऱ्या. या दोन गोष्टी केल्या आणि महिन्याभरात कळ गेली, परत आली नाही. हाताला मुंग्या येत असतील तर भार हातावर जास्त पडतोय, हँडल थोडं वर घ्या आणि मूठ सारखी बदलत राहा.

रस्ता मात्र नीट अभ्यासा, स्कूटीवरून जो रस्ता माहीत आहे असं वाटतं तो सायकलवर वेगळाच निघतो. मी मालेगाव स्टँडवरून होळकर पूल, रविवार कारंजा, सीबीएस, आणि मग त्र्यंबक रोड धरते. आता गोदावरी त्र्यंबककडून येते, म्हणजे सातपूरकडे जायचं म्हणजे चढच, डोळ्याला दिसत नाही पण पायांना कळतो. आणि जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेकडून, सकाळी बरोब्बर तोंडावर. जुलैत मला ४० ऐवजी ५० मिनिटं लागतात, पहिल्या वर्षी वाटायचं ब्रेक अडकलाय. पण संध्याकाळी दमलेलं असताना तोच वारा पाठीला आणि उतार, घरी कशी येते कळत नाही. तुमच्या रस्त्याचंही असं काहीतरी असेल, बघून ठेवा. उन्हाचंही बघा. मी सकाळी पश्चिमेला जाते, संध्याकाळी पूर्वेला, सूर्य दोन्ही वेळा पाठीशी. छान वाटतं, पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात ऊन असतं आणि तो उजवीकडे वळताना त्याला मी दिसतच नाही. एकदा मायको सर्कलच्या अलीकडे एक रिक्षा अशीच वळली, चाक घासून गेली. तेव्हापासून पुढचा दिवा दिवसाही लुकलुकता ठेवते.

ट्रॅफिकमध्ये अगदी कडेला चिकटून चालवू नका, तिथेच वाळू, काचा, चेंबरची झाकणं आणि उभ्या गाड्यांची उघडणारी दारं असतात. कडेपासून हातभर आत, सरळ रेषेत चालवा, वळायचं असेल तर आधी मागे बघा मग हात दाखवा. बस किंवा ट्रक थांबलेला असेल तर त्याच्या डाव्या बाजूने कधीही पुढे घुसू नका, कितीही उशीर होत असला तरी. एमआयडीसीत कंटेनर वळताना मी खाली उतरून थांबते. पावसात झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं निसरडी होतात, तिथे ब्रेक दाबायचा नाही, आधीच दाबून घ्यायचा.

तुम्ही बाई आहात की पुरुष ते लिहिलेलं नाही, पण बायका वाचत असतील म्हणून सांगते. ओढणी बॅगेत. गाठ मारली, पिन लावली तरी सुटते आणि चेनमध्ये जाते, माझी एकदा गेली, गळ्याला झटका बसला, सुदैवाने वेग नव्हता. मी कुर्ता-लेगिंग्जवर जाते, उजव्या पायाला घोट्यापाशी रबरबँड, आणि कंपनीत एक ड्रेस, नॅपकिन, पावडर लॉकरमध्ये असतं. अंघोळीची सोय नाही आमच्याकडे, लागतही नाही, पोचल्यावर दहा मिनिटं पंख्याखाली बसायचं, मग ओल्या नॅपकिनने पुसून कपडे बदलायचे. लगेच बदलले तर घाम येतच राहतो आणि नवा ड्रेसपण ओला. बॅग पाठीवर घेऊ नका, कॅरिअरला बांधा, अर्धा घाम पाठीच्या बॅगेमुळेच येतो.

तब्येतीचं खरं सांगते. वजन चार वर्षांत चारच किलो उतरलं. झोप मात्र सुधारली, आणि पाळी जाण्याच्या काळात जी चिडचिड होत होती ती संध्याकाळी घरी पोचेपर्यंत रस्त्यातच उतरायची, हे मुलींनी मला सांगितलं, मला कळलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तो जाण्यायेण्यातच होतो, वेगळा वेळ काढावा लागत नाही. पण सायकलवर शरीराचा भार हाडांवर पडत नाही, त्यामुळे हाडं मजबूत करायला तिचा उपयोग नाही, त्यासाठी चालणं आणि थोडं वजन उचलणं वेगळं करा, चाळिशीनंतर बायकांनी तर नक्कीच. छातीत दुखतं, दम लागतो, बीपी आहे असं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. शुगरसाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर रस्त्यात शुगर उतरू शकते, खिशात ग्लुकोज ठेवा.

लोकांचं म्हणाल तर पहिले दोन महिने सोसायटीत रोज कोणीतरी विचारायचं गाडी बिघडली का, कंपनीत एकाने पेट्रोल परवडत नाही का विचारलं. मला वाईट वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. नंतर त्यांचं विचारणं थांबलं. आता आमच्या डिपार्टमेंटच्या दोघी येतात सायकलने, एक सिडकोतून, एक अशोकनगरहून, आणि शेडमध्ये तीन सायकली उभ्या असतात.

पहिल्या आठवड्यात रोज जाऊ नका. एका रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्याने ऑफिसच्या गेटपर्यंत जाऊन परत या, मग आठवड्याला दोन दिवस, महिन्याभराने तीन. मध्ये खंड पडला तरी परत सुरू करा. तुमचा रस्ता कुठून कुठे आहे ते खाली लिहा, नाशकातला असेल तर कुठल्या वेळी कुठून जायचं ते नीट सांगते.