व्हिडिओ थोडा मागे घ्या

‘आमचा मुलगा पुढे येत नाही हो.’ इंदूरमध्ये समुपदेशन करताना आईवडिलांकडून सगळ्यांत जास्त ऐकलेलं वाक्य हेच असेल. कधी ते वर्गात हात वर न करणाऱ्या मुलीबद्दल असतं, कधी गणेशोत्सवाच्या नाटकात पडद्यामागे रमणाऱ्या मुलाबद्दल. गेल्या पावसाळ्यात ते आइस हॉकीबद्दल आलं. इंदूरकराचा बर्फाशी संबंध गोळ्यापुरता, त्यामुळे मीही जरा सावरून बसले. पण काळजी तीच होती, म्हणून ही हकिकत लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

समीर आणि मृणाल कॅनडात एडमंटनला राहतात. मुलगा अर्णव तेरा वर्षांचा. जुलैच्या सुट्टीत तिघं राजेंद्रनगरला आजी-आजोबांकडे आले होते. समीर स्वतः इथल्या मैदानांवर क्रिकेट खेळत वाढलेला. आइस हॉकी तो मुलामुळे, प्रेक्षकांत बसून शिकला. त्याचं म्हणणं असं, की अर्णव विंगला, म्हणजे कडेला, खेळायचा तेव्हा भरपूर गोल करायचा. मागच्या मोसमात प्रशिक्षकांनी त्याला सेंटर केलं आणि गोल आटले.

‘मॅडम, सेंटर म्हणजे मधला. त्याने तर जास्त गोल करायला हवेत. हा बघावं तेव्हा आपल्याच गोलपाशी! शाळेतही तसंच. आत्मविश्वास गेलाय त्याचा. सप्टेंबरमध्ये निवड चाचणी आहे आणि हा म्हणतो, खेळायचंच नाही.’

मृणाल कमी बोलली. शनिवारी सकाळी, सामन्याला निघायच्या वेळी, अर्णवचं पोट दुखतं एवढंच तिने सांगितलं. डॉक्टरांना दाखवून झालं होतं, तपासणीत काही निघालं नव्हतं.

पुढच्या वेळी मी अर्णवला एकट्याला बोलावलं आणि कागद-पेन पुढे केलं. ‘मला यातलं ओ की ठो कळत नाही, तू शिकव.’ हे नाटक नव्हतं. समुपदेशकाला एखादी गोष्ट येत नसेल तर ती लपवू नये. मुलाला एकदा तरी मोठ्या माणसाला शिकवायला मिळतं, आणि शिकवताना मुलं खरं बोलतात.

त्याने मैदान काढलं. दोन निळ्या रेषा, मधली लाल रेषा, फेस-ऑफचे, म्हणजे थांबलेला खेळ जिथून पुन्हा सुरू होतो ते, नऊ ठिपके. एका बाजूचे सहा जण: एक गोलरक्षक, दोन डिफेन्स, तीन फॉरवर्ड (मध्ये सेंटर, दोन कडांना विंगर). समोरच्यांनी आपल्या हद्दीत पक, म्हणजे खेळायची चकती, आणला की दोघं विंगर वर राहतात आणि निळ्या रेषेजवळच्या त्यांच्या डिफेन्सवाल्यांवर नजर ठेवतात. सेंटरने मात्र थेट खाली, स्वतःच्या गोलपुढे यायचं आणि आपल्या डिफेन्सच्या मदतीला उभं राहायचं. पक मिळाला की मधून वळण घेत निघायचं, म्हणजे पास द्यायला समोर कोणीतरी असतं. मग वर जाऊन हल्ल्यात सामील व्हायचं. पक गेला की पुन्हा खाली.

‘मग दमत असशील.’

‘दमतो. कोच ओरडतात, शिफ्ट लाँग होते म्हणून.’

या खेळात जोर लावून पाऊण मिनिट खेळायचं (हीच शिफ्ट), बाकावर यायचं आणि दुसऱ्याला आत पाठवायचं, असा रिवाज आहे. खेळ चालू असतानाच ही अदलाबदल होते.

‘तू किती वेळ आत राहतोस?’

‘दीड मिनिट. कधीकधी जास्त.’

‘का रे?’

तो बराच वेळ पेन फिरवत राहिला. ‘एक गोल झाला की येणारच असतो बाहेर.’

‘कोणासाठी लागतो तो गोल?’

‘आबांसाठी. बाबा फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ टाकतात. आता त्या व्हिडिओत मी नसतोच.’

मूल काय करतं हे बघण्याआधी घर काय मोजतं ते मी बघते. माझ्या कामाची पद्धत म्हणाल तर ती एवढीच. वरवर पाहता अर्णवची अडचण आत्मविश्वासाची होती. प्रत्यक्षात तो दोन नोकऱ्या करत होता. प्रशिक्षकांनी दिलेलं सेंटरचं काम तो मन लावून करायचा, आणि घरी पाठवायला गोल हवा म्हणून दमलेल्या पायांनी विंगरचंही काम करायला जायचा. त्यात दोन्ही बिघडत होती. पोटात दुखलं नसतं तरच नवल.

फेस-ऑफबद्दलही त्याच्या मनात एक भीती बसली होती. खेळ थांबला की पंच दोन खेळाडूंच्या मध्ये पक टाकतो आणि बहुतेक वेळा तो घ्यायला सेंटरच वाकतो. ‘सगळे माझ्याकडे बघत असतात. हरलो की माझ्यामुळे.’

‘दहांत किती जिंकतोस?’

‘चार. कधी पाच.’

‘आणि टीव्हीवरचे, सगळ्यांत भारी?’

‘बर्जरॉन सहा जिंकायचा.’ मग जरा थांबून, ‘म्हणजे चार हरायचाच.’

हा बर्जरॉन बॉस्टनच्या संघाचा सेंटर. बचावात उत्तम असलेल्या फॉरवर्डला एनएचएल या अमेरिका-कॅनडातल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये १९७८ पासून सेल्की ट्रॉफी देतात. ती त्याने सहा वेळा मिळवली. हे मला अर्णवनेच सांगितलं, आणि सांगताना तो पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकला.

‘हरल्यावर काय करायचं असतं?’ मी विचारलं.

‘समोरच्या सेंटरला चिकटून राहायचं. त्याला मोकळं सोडायचं नाही.’

‘ते दहांत किती वेळा करतोस?’

ते त्याने कधी मोजलंच नव्हतं. आम्ही ठरवलं की यापुढे तेच मोजायचं.

त्यानंतर मी सगळ्यांना एकत्र बोलावलं, आबांनाही. समीरला आधीच सांगून ठेवलं होतं की ग्रुपवर टाकलेला एखादा गोल आणा, पण पूर्ण सामन्याचं रेकॉर्डिंगही हवं. त्याने मोबाइल टेबलावर ठेवला. दहा सेकंदांची क्लिप: एक उंच मुलगा गोल करतो, बाकीचे धावत येऊन त्याला मिठी मारतात. अर्णव कुठेच नाही.

‘आता पूर्ण रेकॉर्डिंग लावा. हाच गोल. आणि थोडं मागे घ्या.’

समीरने दहा सेकंद मागे घेतलं.

‘अजून मागे.’

आता दिसत होती अर्णवच्याच संघाची गोलची जाळी. तिच्यामागे कोपऱ्यात दोघं पकसाठी झटत होते. एक छोटा मुलगा वाकून त्यांच्यात घुसला, पक काढला आणि मान वर करून आपल्या डिफेन्सकडे ढकलला. डिफेन्सने विंगरला दिला, विंगरने त्या उंच मुलाला. गोल.

‘तो मी,’ अर्णव म्हणाला.

समीर गप्प. त्याने आपणहून पुन्हा मागे घेतलं आणि पुन्हा बघितलं. हा सामना त्याने प्रत्यक्ष बघितला होता, चित्रितही त्यानेच केला होता. या खेळात गोलच्या आधीच्या जास्तीत जास्त दोन पासांचं श्रेय लिहितात, त्याला असिस्ट म्हणतात. अर्णवचा पास तिसरा होता. म्हणजे तो गुणपत्रकातही नव्हता आणि घरच्या ग्रुपवरही.

बोलले आबा. ते मूळचे महूचे. १९४८ साली लंडनला ऑलिंपिक सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाचे कर्णधार किशनलाल महूचे, नंतरचे नामांकित गोलरक्षक शंकर लक्ष्मणही तिथलेच. त्या गावात लहानपण गेलेल्या माणसाला हॉकी शिकवावी लागत नाही. ‘अरे समीर, हा तर आमच्या मैदानी हॉकीतला सेंटर हाफ, बचाव आणि हल्ला जोडणारा! सेंटर हाफकडे गोल मागतोस होय तू?’

पुढे नातवाने आजोबांना ग्रेट्झ्की समजावला. एडमंटनकडून खेळलेला हा नामवंत खेळाडू तिथल्या मुलांना पाठच असतो. हाही सेंटर. त्याचा ८९४ गोलांचा विक्रम २०२५ मध्ये ओव्हेच्किनने, म्हणजे एका विंगरने, मोडला. पण ग्रेट्झ्कीचे असिस्ट १,९६३ आहेत. दुसऱ्या कुणाचेही गोल आणि असिस्ट मिळवले तरी तेवढी बेरीज होत नाही. आबांनी तो आकडा दोनदा विचारून घेतला. मी मध्ये एक शब्द बोलले नाही. योग्य वेळी गप्प बसणं मला चांगलं जमतं, आणि इतक्या वर्षांनंतर हे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

समीरची शंका मात्र शिल्लक होती, आणि ती रास्त होती. ‘निवड करणारे गोलच बघतात ना, मॅडम?’

काही बघतातही. पण अर्णवला सेंटर करणाऱ्या माणसाला त्याच्यात काय दिसलं, हे घरातल्या कुणी विचारलं होतं का? नव्हतं. समीरने इंदूरहूनच प्रशिक्षकांना ईमेल केला. उत्तर आलं: पक आपल्याकडे येण्याआधी मान वळवून मागे कोण आहे ते बघणारा संघात हा एकटाच आहे. त्याने फक्त वेळेवर बाकावर यावं.

अशी काळजी घेऊन येणाऱ्या पालकांना मी आता पहिल्यांदा हेच विचारते, की मुलाला जे काम दिलंय ते नेमकं काय आहे ते तुम्हाला माहीत आहे का? यष्टिरक्षकाच्या धावा मोजत बसलात तर तो तुम्हाला नापासच दिसणार. सामन्यानंतर गाडीत बसल्या-बसल्या ‘गोल किती?’ विचारू नका. आधी खाऊ-पिऊ द्या. मग विचारायचंच असेल तर ‘आज कुठला पास मस्त गेला?’ एवढं विचारा, आणि उत्तर आलं नाही तर सोडून द्या. नातेवाइकांना काय पाठवता त्याकडेही लक्ष असू द्या, मुलं ते ग्रुप बघत असतात. याचा अर्थ गोलबद्दल बोलूच नये असा नाही. सेंटरही गोल करतो आणि त्याला तो आवडतोही. फक्त तो त्याच्या कामातून यावा, आबांना पाठवायचा म्हणून नव्हे.

सगळ्याच मुलांचं उत्तर हे नसतं. काहींना ती जागा खरोखर नको असते. त्यांना प्रशिक्षकांशी स्वतः बोलू द्यावं, आईवडिलांनी वकील होऊ नये. आणि खेळ बंद असतानाही पोटदुखी, झोप न येणं, रडू येणं चालूच राहिलं, तर खेळ बाजूला ठेवून आमच्यासारख्यांकडे या.

अर्णवने सप्टेंबरच्या चाचणीला जायचं ठरवलं. जाण्याआधी प्रशिक्षकांना त्याने स्वतः एक विनंती केली. तो उजव्या हाताने खेळतो, म्हणून उजव्या बाजूचे फेस-ऑफ तो घेईल, डावीकडचे शक्यतो डावखुऱ्या मित्राला द्यावेत. प्रशिक्षकांनी ते मान्य केलं. सेंटरची जागा त्याच्याकडेच राहिली. मोसमाच्या सुरुवातीला मृणालचा निरोप आला, की पोट अजून एखाद्या शनिवारी दुखतं, पण तो जातो. समीर आता पूर्ण मिनिटाच्या क्लिप पाठवतो, आणि मोबाइल भरला म्हणून आबा त्याच्यावर चिडतात.